अर्ध्या लिटरचा गारवा

सेलूकरांच्या शंतनूनं पाणी पिणारा कॉम्प्युटर घरात आणलाय, ही बातमी 'गोदावैभव'च्या सगळ्या मजल्यांवर टँकरच्या पाण्याआधी पोचली.

बातमीत तांत्रिक चूक होती. कॉम्प्युटर पाणी पीत नव्हता, फिरवत होता. हा फरक शंतनूनं जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला समजावून सांगितला. प्रत्येकानं "हां, हां" म्हणून मान डोलावली आणि वरच्या मजल्यावर जाऊन "पितो" असंच सांगितलं. शंतनू भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होता. चुकीचं विधान ऐकून गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. कुणी सहज "आज चाळीसच्या पुढं गेला बुवा पारा" म्हणालं, तर तो "एक्केचाळीस पूर्णांक सहा" म्हणे, आणि समोरचा माणूस पुन्हा त्याच्याशी हवामानावर बोलत नसे.

'गोदावैभव' बीड बायपासच्या पलीकडे होतं. नावातली गोदावरी पाइपातून यायची होती. पाइप आले होते, पण अजून रस्त्याच्या कडेला पडून होते. ते इतके ऐसपैस होते की दुपारी कुत्र्यांची अख्खी कुटुंबं त्यांत सावलीला राहत. शहर मात्र पाइपांसाठी थांबलं नव्हतं. शहराच्या कडेच्या सातारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत नव्या इमारतींचे फलक लागले होते आणि प्रत्येक फलकावर एक निळाशार पोहण्याचा तलाव होता. गेल्या पावसाळ्यात ढग डोंगरावर येऊन नुसती हजेरी लावून गेले होते. मार्चमध्येच सोसायटीची बोअर पाण्याऐवजी हवा ओकायला लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी होते शंतनूचे वडील, दत्तोपंत सेलूकर. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात गेली होती. तिथं त्यांनी मांडलेल्या एकाही सूचनेला वरून होकार आला नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर त्या सगळ्या सूचना सोसायटीच्या वाट्याला आल्या. त्यांतली सगळ्यात कडक म्हणजे कूलरबंदी. कूलर पंख्यासारखा कोरडा फिरवायला हरकत नव्हती, पण त्याच्या पोटात पाणी घालायचं नाही. दत्तोपंत स्वतः पक्कड घेऊन घरोघर गेले आणि त्यांनी प्रत्येक कूलरच्या पाण्याच्या मोटरची वायर काढून ठेवली. सुरुवात आपल्याच घरातून केली. नियम मोडणाऱ्याला शिक्षाही ठरली. टँकरचा जाड पाइप सुटला की अजगरासारखा उसळे. त्याचं तोंड खालच्या हौदात कुणीतरी दाबून धरावं लागे आणि धरणारा माणूस कमरेपर्यंत भिजे. पाऊस पडेपर्यंत हे काम गुन्हेगाराच्या घरानं करायचं. एवढ्या उन्हात भिजणं हे खरं तर बक्षीसच वाटावं, पण इमारतीला बाल्कन्या होत्या, आणि बाल्कन्यांत माणसं होती.

अशा घरात शंतनूनं पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर जुळवला.

त्याचीही एक बाजू होती. तो घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी गेम तपासण्याचं काम करी. त्या सुमारास बाजारात आलेली नवी ग्राफिक्स कार्डं, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणारे भाग, इतकी तापत की त्यांवर पापड भाजता यावा. जगभरचे जाणकार इंटरनेटवर सांगत होते की पंख्याचे दिवस गेले, आता पाणी हवं. शंतनूनं सुटे भाग मागवले. त्यातला रेडिएटर कुरियरवाल्यानं दोनदा परत नेला, कारण पत्त्यातली 'पाण्याच्या टाकीसमोर' ही खूण त्याला सापडेना. टाकी मंजूर झाली होती, बांधायची होती. शेवटी शंतनू स्वतः गोदामात गेला, तेव्हा तिथल्या साहेबांनी खोक्यावरचं चित्र बघून, ट्रॅक्टरचा भाग घरगुती म्हणून कसा सोडायचा, असा मुद्दा काढला आणि ओळखपत्राच्या तीन प्रती घेऊनच खोकं सोडलं.

राहिलं पाणी. नळाचं चालत नाही, शुद्ध केलेलंच लागतं. ते मिळालं समोरच्या फारूखभाईंकडे. शहागंजाच्या बाजारात त्यांचं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान होतं. शंतनू तिथंच गेला.

"शंतनूमियाँ, बॅटरीचं पाणी हे. एक कॅन घेऊन जा," फारूखभाई म्हणाले. "पण सांगून ठेवतो, कशाला पाहिजे ते खाली कुणाला बोलू नका."

हा सल्ला शंतनूनं जेमतेम तळमजल्यापर्यंत पाळला. तिथं अप्पाराव खुर्ची टाकून बसले होते. लासूर स्टेशनला त्यांची धान्याची आडत होती आणि इमारतीत कोण काय घेऊन वर जातं, यावर त्यांचं बारीक लक्ष असे.

"काय रं, कॅन कशाची?"

"डिस्टिल्ड वॉटर. कॉम्प्युटरसाठी," शंतनू म्हणाला. खोटं बोलणं त्याला तोपर्यंत येत नव्हतं.

त्या संध्याकाळी अप्पाराव सरळ दत्तोपंतांच्या दारात. "सायेब, आमच्या कूलरची तुमी वायर उपटली. म्हातारी आमची रात्रंदिवस पदरानं वारा घेती. आन् तुमचं पोरगं कॉम्प्युटरला पाणी पाजतंय व्हय?"

"फक्त अर्धा लिटर, काका," आतून शंतनू ओरडला. "तेही एकदाच! क्लोज्ड लूप आहे, तेच तेच फिरतं!"

"बघा, लूप बी हाय म्हनं," अप्पाराव म्हणाले. जणू गुन्ह्यात आणखी एक कलम वाढलं.

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. "रविवारी समितीनं येऊन पाहणी करावी," ते म्हणाले. "माझ्या घरात थेंब जरी वाया जात असेल, तर मी आधी राजीनामा देईन, मग पाइप धरीन."

रविवारपर्यंत कॉम्प्युटर रोज चालला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण पहिल्याच दुपारी गेममधल्या ऐन लढाईत, पुण्यापासून कोचीपर्यंतचे सोबती हाका मारत असताना, शंतनूचं मशीन तापून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडलं. कारण साधं होतं. नळ्यांतलं पाणी आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतं, त्यामुळे ते हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. आणि हवा बेचाळीस अंशांवर होती. हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. किंबहुना शंतनूनं ते शाळेतल्या पोरांना शिकवणीत सांगितलंही होतं. आता उपाय एकच होता, खोली गार करणं.

बाल्कनीच्या खिडकीत कोरडा कूलर गरम झोत मारत उभा होता. मोटरची वायर शेजारीच लोंबत होती.

"एकदाच," शंतनू स्वतःला म्हणाला. "प्रयोग म्हणून."

आई-वडील दुपारी झोपले होते. त्यानं वायर पुन्हा जोडली आणि स्वयंपाकघरातल्या निळ्या ड्रममधून एक बादली घेतली. कूलर ती घटाघट प्यायला. दुसरीही प्यायला. गवताच्या जाळ्या भिजल्या, वारा गार झाला, मशीन दिवसभर कुरकुरलं नाही. प्रयोग यशस्वी झाला, आणि यशस्वी प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघायचा असतो ही शास्त्राची शिस्तच आहे. शंतनू शिस्तीचा पक्का होता. अर्धा लिटर पाणी गार ठेवायला रोज किती लिटर लागतं, याचं गुणोत्तर त्यानं एकदा काढलं. मग ते न बघितल्यासारखं करून पुसून टाकलं.

ओल्या गवताचा वास कुणालाही ओळखू येतो, म्हणून तो खोलीत उदबत्ती लावू लागला. आईनं, प्रमोदिनीबाईंनी, ते बघून मनातल्या मनात हात जोडले. पोरगं मार्गाला लागलं, असं तिनं फोनवर बहिणीलाही सांगितलं.

ड्रमचं पाणी मात्र खाली जातच होतं, आणि ते तिच्या लक्षात आलं.

"भामाबाई," ती भांडी घासणाऱ्या बाईंना म्हणाली, "जरा हात आखडून वापरा हो पाणी."

"ताई, म्या तं आधी फडक्यानं पुसून घेते भांडी. मंग एका पातेल्यात समदी खळबळते."

"मग ड्रम कसा रिकामा होतो?"

"आता म्या काय सांगू?"

शंतनू भिंतीच्या पलीकडे, आपल्या खोलीत होता. एक वाक्य बोललं की संपलं असतं. पण वाक्याच्या दुसऱ्या टोकाला दत्तोपंतांचा राजीनामा होता. त्यानं कानावर हेडफोन चढवले.

रविवारी समिती अकराला यायची होती. साडेदहाला वायर काढायची, खिडक्या उघडायच्या, जाळ्या वाळवायच्या असा शंतनूचा बेत होता. पण टँकर त्या दिवशी लवकर आला, सगळी मंडळी खाली जमलीच होती, आणि "आता जमलोच आहोत तर" या न्यायानं ती पावणेदहाला वर आली. अप्पाराव, फारूखभाई, त्यांच्या म्हाताऱ्या आई रईसाआपा आणि मागे दत्तोपंत, खिशात पेन, हातात वही.

अप्पाराव दार ढकलून आत शिरले ते भांडायच्या पवित्र्यात. दोन पावलं आल्यावर त्यांचा आवाज विरला. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले.

"आगं बाबौ," ते म्हणाले. "हितं तं महाबळेश्वर हाय."

मशीनच्या काचेआड पारदर्शक नळ्यांतून पाणी फिरत होतं. त्यावर निळे-जांभळे दिवे उजळत होते. बारीक खळखळ ऐकू येत होती. ती अर्धी कूलरमधून येत होती, पण कूलर कोरडा आहे हे तर स्वतः सेक्रेटरींनी पकडीनं सिद्ध केलेलं होतं. मग तिकडे कोण बघणार? तो बिचारा पंखा म्हणून मशीनचा गारवा खोलीभर पसरवतोय, असंच सगळ्यांना दिसलं.

"ह्ये एवढं गार ह्या डबड्यानं केलं?" अप्पारावांनी विचारलं.

शंतनूनं तोंड उघडलं. पण आधी दत्तोपंतच बोलले.

"अर्ध्या लिटरमध्ये! अप्पाराव, अर्ध्या लिटरमध्ये! मी उभ्या नोकरीत पाणी वाचवायच्या सूचना लिहीत राहिलो. आणि हे माझ्या घरात, मागच्या खोलीत झालं."

त्यांनी शंतनूच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवणं हा सेलूकरांच्या घरातला प्रकार नव्हता. दहावीला शंतनू जिल्ह्यात पहिला आला तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली होती. शंतनूनं उघडलेलं तोंड मिटलं.

"उदबत्ती लावतो मशीनला. चांगलं हाय," जाताना अप्पाराव म्हणाले.

त्या दिवसापासून खोली शंतनूची राहिली नाही. रईसाआपा जेवण झालं की येत आणि गेम खेळायच्या उंच पाठीच्या खुर्चीत पाय वर घेऊन झोपत. खुर्चीच्या कडेनंही दिवे होते, त्यामुळे त्या झोपेत कुठल्यातरी ग्रहाच्या महाराणीसारख्या दिसत. अप्पाराव आईला हाताला धरून आणत. शंतनू मशीन बंद ठेवू लागला तर सगळे ओरडत, "अरे, चालू कर की! कंजूसपणा करतो का?" मशीन चालू केलं की ते खोली तापवी. तापलेली खोली गार ठेवायला कूलर जास्त पाणी पी, आणि ते शंतनू सगळे उठायच्या आधी भरून ठेवी. आणि चार माणसांच्या श्वासांची उष्णता वेगळी. तीही शंतनूला मोजता येत होती.

अप्पारावांनी लासूरच्या आडतीसाठी असं एक मशीन नोंदवायला सांगितलं. मिरचीच्या पोत्यांवर बसवायचं होतं. दत्तोपंतांनी त्याहून मोठं पाऊल उचललं. त्यांनी निवृत्त अभियंत्यांच्या मंडळातल्या दोन जुन्या साहेबांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. ज्यांनी त्यांच्या सूचना आयुष्यभर बाजूला सारल्या, तेच ते साहेब. त्यासाठी त्यांनी लग्नकार्यातला शर्ट इस्त्री करून आणला.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी शंतनू पाणी प्यायला उठला, तेव्हा स्वयंपाकघरात आई हळू आवाजात बोलत होती.

"तसं नाही भामाबाई, तुमच्या कामाला नाव नाही ठेवत मी. पण पाण्याचं गणितच बसेना. एक तारखेपासून नका येऊ. आज तेवढं पाहुण्यांच्या चहाचं बघा."

भामाबाईंनी पातेलं फडक्यानं पुसलं, मग पुसलेलंच पुन्हा पुसलं.

शंतनू पाणी न पिताच परतला.

खोली भरली होती. दोन्ही साहेब पुढच्या खुर्च्यांवर, फारूखभाई आणि अप्पाराव पलंगावर, रईसाआपा आपल्या सिंहासनावर झोपलेल्या. दत्तोपंतांनी घसा साफ केला, "मित्रहो," म्हणाले, आणि शंतनू मध्येच बोलला.

"बाबा, हे मशीन खोली गार करत नाही. उलट तापवतं."

अप्पाराव कौतुकानं हसले. "बघा सायेब, गर्व कसला तो नाय."

"काका, मी खरं सांगतोय. यातलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. उष्णतेचा नियम आहे तो."

"म्हंजी आमच्या अंगाला गार लागतंय ते खोटं," अप्पाराव म्हणाले, "आन् तुझं पुस्तक खरं?"

साहेबांपैकी एकानं मान डोलावली. प्रत्यक्ष अनुभव महत्त्वाचा, असं ते म्हणाले. नोकरीत असताना ते असं कधी म्हणाल्याचं दत्तोपंतांना आठवत नव्हतं. ते सुखावले.

शंतनूनं सरळ बटण दाबून मशीन बंद केलं. दिवे गेले. नळ्यांतलं पाणी थांबलं. मशीनची उष्णता थांबल्यामुळे खोली हळूहळू आणखी गार होत गेली.

"बंद करून बी गार!" अप्पाराव पलंगावरून अर्धे उठले. "साठवून ठेवतंय! सायेब, बॅटरीवानी साठवतंय!"

"माशाल्ला," फारूखभाई म्हणाले.

आता शंतनूकडे विज्ञान उरलं नव्हतं. तो बाल्कनीत गेला, कूलरची बाजूची जाळी त्यानं खेचून काढली आणि आत आणून सगळ्यांच्या मध्ये धरली. गवतातून पाण्याची धार लागली. ती साहेबांच्या बुटांवरून वाहत पलंगाखाली गेली. उदबत्तीचा वास मागं पडला आणि ओल्या गवताचा वास खोलीभर झाला. त्या वासाबद्दल कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

पंखा अजून फिरत होता, पण एका बाजूनं उघडा पडल्यामुळे आता गरम वारा ओढू लागला. रईसाआपा जाग्या झाल्या. "अरे, ठंडक कायको बंद करे?" त्यांनी विचारलं.

अप्पारावांनी दत्तोपंतांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. हे फार वाईट होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. दारात आई उभी होती. तिनं जाळीकडे बघितलं, मग मागे वळून स्वयंपाकघराकडे. भामाबाई चहाचा ट्रे घेऊन तिच्याच मागे उभ्या होत्या.

दत्तोपंतांनी पेन खिशात नीट अडकवलं. "चहा घ्या," ते साहेबांना म्हणाले. "राजीनामा आजच देतो. पाइप कोणत्या घरानं धरायचा ते आधीच ठरलेलं आहे."

पुढचा टँकर आला तेव्हा शंतनू हौदापाशी उभा राहिला. एकट्यानं धरीन, असं त्यानं घरात सांगितलं होतं. पण नियमात 'घर' असा शब्द होता आणि तो दत्तोपंतांनीच घातलेला होता. ते इस्त्रीच्या शर्टात खाली आले, विजारीचे पाय दुमडले आणि पाइपाच्या तोंडाशी मुलाच्या शेजारी ओणवे झाले. पाइप उसळला. दोघंही छातीपर्यंत भिजले. बाल्कन्या माणसांनी भरल्या होत्या, पण वरून कुणी हाक मारली नाही, कुणी हसलं नाही. अप्पारावांनी तळमजल्यावरची आपली खुर्ची उचलून आत नेली, एवढंच. पाइप आवळताना बापलेकांचे हात एकमेकांवर पडत होते. दत्तोपंत एकदाच बोलले, "खाली दाब."

भामाबाईंना आईनं कामावर थांबवून घेतलं. बोलली काय, ते शंतनूला ऐकू आलं नाही, पण बोलताना ती ड्रमचं झाकण उगाच उघडत होती आणि लावत होती.

त्यानंही माफीचं एक वाक्य तयार केलं. दोनदा दुरुस्त केलं. भामाबाई पदराला हात पुसत त्याच्या दारात आल्या, तेव्हा त्यानं ते म्हणायला तोंड उघडलं.

"दादा," त्याच आधी बोलल्या, "समदी बिल्डिंग बसून गेली म्हनं तुमच्या खोलीत. म्या ते मशीन बघितलंच नाय. दावता का?"

"मावशी, ते गार वगैरे नाही करत. ते…"

"आसूं द्या. दावा तं खरं."

त्यानं मशीन चालू केलं. निळे-जांभळे दिवे लागले, नळ्यांतून पाणी फिरू लागलं. भामाबाई उंच पाठीच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. कोरडा कूलर भट्टीसारखा वारा फेकत होता आणि मशीन मागून आपली भर घालत होतं. सगळे बसत तसे त्यांनी डोळे मिटले. कपाळावरून घामाचा ओघळ भुवईपर्यंत आला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "लई गार हाय."

मग त्या उठल्या. चेपलेली गादी त्यांनी हातानं सारखी केली आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

"चला, भांडी पडल्यात. आज पाणी किती घेऊ, दादा?"

शंतनूला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर दशांश चिन्हाच्या पुढपर्यंत देता येत असे. तो खाली फरशीकडे बघत उभा राहिला. जाळीतून गळलेल्या पाण्याचा पांढरा डाग पलंगाखाली अजून तसाच होता.